गायकाच्या आधी बोलणारा क्लॅरिनेट: ऑपेरातलं एकलवादन नीट कसं ऐकावं

आमच्या श्रवणगटात महिन्याला एक ऑपेरा घेतो आणि दर वेळी एकच गोष्ट घडते. पुच्चीनी या इटालियन संगीतकाराच्या ‘तोस्का’चा तिसरा अंक चालू असतो. क्लॅरिनेट एकटा सुरू होतो. नेमका तेव्हाच कुणी चहाचा कप उचलतं, कुणी शेजाऱ्याला काहीतरी विचारतं. मग टेनर, म्हणजे उंच आवाजाचा पुरुष गायक, तोंड उघडतो आणि सगळे सावरून बसतात. तोवर जे सांगायचं होतं त्यातलं अर्धं सांगून झालेलं असतं.

यात कुणाच्या आवडीनिवडीचा दोष नाही. आपला कान साथीवर वाढलेला आहे. ख्यालात सारंगी किंवा हार्मोनियम गायकाच्या मागून येते, नाट्यपदाआधी ऑर्गन सूर भरतो, आणि श्रोता गायकाची वाट बघतो. ऑपेरातलं एकल वाद्य बऱ्याचदा साथ करतच नाही. पात्राला जे म्हणता येत नाही, किंवा ते अजून म्हणायला तयार नाही, ते वाद्य आधी म्हणतं. म्हणून ऐकण्याचा क्रम बदलावा लागतो. तो क्रम खाली देतो. स्वरलिपी येत नसली तरी चालेल. दोन निवांत संध्याकाळी मात्र लागतील.

सरावासाठी मुख्य उदाहरण ‘तोस्का’च्या तिसऱ्या अंकातलंच घेतलं आहे. बाकीची जिथे लागतील तिथे येतील.

## तयारी

### 1. एकच प्रसंग निवडा आणि आवृत्ती पक्की करा

‘ऑपेरातले गाजलेले दहा सोलो’ अशी यादी लावून एकामागून एक ऐकू नका. दहाही सुंदर वाटतील आणि एकही लक्षात राहणार नाही. एक प्रसंग घ्या, तो पुरा करा, मग पुढचा.

निवडलात की तो कोणत्या अंकात, कोणत्या आवृत्तीत आहे ते बघा. इथे बरेच जण फसतात. व्हेर्दीच्या ‘दोन कार्लो’मध्ये राजा फिलिप पहाटे आपल्या खोलीत एकटा बसलेला असतो, मेणबत्त्या विझत आलेल्या असतात, आणि त्याच्या आधी एक चेलो (व्हायोलिनच्या कुळातलं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) बोलतो. हा प्रसंग पाच अंकी आवृत्तीत चौथ्या अंकात आहे, 1884 च्या मिलानच्या चार अंकी आवृत्तीत तिसऱ्या. कुणीतरी ‘चौथा अंक’ सांगितलं आणि तुमच्याकडे चार अंकी ध्वनिमुद्रण असलं, तर शोधत बसाल. ग्लुकच्या ‘ऑर्फेउस’चं तर त्याहून पुढचं: फ्लूटचा तो डी मायनर या उदास छटेच्या सुरावटीतला सुप्रसिद्ध भाग 1762 च्या व्हिएन्नाच्या आवृत्तीत नाहीच, तो 1774 मध्ये पॅरिससाठी घातला गेला. व्हिएन्नाची आवृत्ती लावून ‘माझ्या सीडीत कापलाय वाटतं’ म्हणणारे मला दोन-तीन तरी भेटले आहेत.

तपासा: ऑपेराचं नाव, आवृत्ती, अंक, प्रसंग आणि वाद्य या पाच गोष्टी एका कागदावर लिहून झाल्या का? नसतील तर पुढे जाऊ नका.

### 2. त्या क्षणापर्यंतचं कथानक वाचा, त्यापुढचं नको

सबंध कथेचा सारांश वाचण्यापेक्षा एवढंच शोधा: वाद्य सुरू होतं त्या क्षणी रंगमंचावर कोण आहे, त्याला काय माहीत आहे, काय माहीत नाही.

‘तोस्का’त हे असं आहे. रोममधला सांत आंजेलोचा किल्ला, पहाटेची वेळ. चित्रकार काव्हारादोस्सीला गोळ्या घालायच्या आहेत. तुरुंगाधिकारी त्याला सांगतो, एक तास उरला आहे. तो पाद्री नको म्हणतो, हातातली अंगठी लाच म्हणून देतो आणि आपल्या प्रेयसीला, तोस्काला, पत्र लिहायची परवानगी मागतो. लिहायला बसतो, आणि चार ओळींतच हात थांबतो. तोस्काने इकडे काय करून ठेवलं आहे, हे त्याला ठाऊक नाही. सुटकेची आशा नाही. इतकं डोक्यात असलं की क्लॅरिनेटचा पहिला सूर वेगळाच लागतो.

दोनिझेत्तीच्या ‘लेलिझिर दामोरे’मध्ये (पहिला प्रयोग मिलान, 1832) हे न वाचता ऐकायला गेलात तर ‘बसून’ (bassoon) या खालच्या सुरांच्या फुंकवाद्याचा अर्थच उलटा लागेल. गावातला भोळा नेमोरिनो. त्याचा काका वारला, इस्टेट याला मिळाली, ही बातमी गावातल्या पोरींना लागली म्हणून त्या त्याच्याभोवती गोळा होतात. त्याला वाटतं, भोंदू वैद्याकडून घेतलेल्या प्रेमाच्या औषधाचा गुण आला. सगळा विनोदी मामला. आणि त्यातच, ज्या आदिनावर त्याचं प्रेम आहे, तिच्या डोळ्यांत त्याला पाणी दिसतं. त्यानंतर बसून येतो. बसून म्हणजे विनोदी वाद्य, असं पुस्तकात वाचलेले लोक इथे हसायच्या तयारीत बसतात. या ऑपेरात हसणं थांबतं ती जागा हीच.

संहिता दोन रकान्यांत मिळेल तर उत्तम: डावीकडे मूळ इटालियन, उजवीकडे तुम्हाला समजणारी भाषा. वाद्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वीस-वीस ओळी वाचा. तेवढं पुरे.

खबरदारी: पडद्यावरच्या उपशीर्षकांवर भिस्त ठेवू नका. वाद्य एकटं वाजत असताना पडद्यावर अक्षर येत नाही, आणि अक्षर नाही म्हटल्यावर डोळे आणि कान दोन्ही सुट्टीवर जातात. शब्द आधीच वाचून ठेवा.

### 3. ध्वनीची सोय: ‘रिगोलेत्तो’ची चाचणी

मोबाइलच्या स्पीकरवर हे ऐकू नका. कळकळीने सांगतो. सोप्रानो (स्त्रीचा उंच आवाज) आणि व्हायोलिन मोबाइलवर निभावतात. बसून, चेलो, डबल बास यांची खालची सप्तकं त्यातून जवळजवळ नाहीशी होतात. उरतो तो सांगाडा.

खात्री करायची तर व्हेर्दीचा ‘रिगोलेत्तो’ घ्या. पहिल्या अंकाच्या दुसऱ्या भागात, रात्री, अंधाऱ्या गल्लीत विदूषक रिगोलेत्तोला स्पाराफुचिले नावाचा भाडोत्री मारेकरी भेटतो. दोघे हळू आवाजात, तुटक बोलतात. चाल त्यांच्याकडे नाहीच. ती आहे एका चेलोकडे आणि एका डबल बासकडे, दोन्हींवर आवाज दबवणारा म्यूट लावलेला, जोडीने चालणाऱ्या. मोबाइलवर ऐका: दोन माणसं बोलताहेत, मागे काहीतरी टिकटिक चालू आहे, एवढंच. मग साधे पण बरे हेडफोन लावा. त्या दोघांच्या बोलण्याखालून एक लांब, काळी, सरपटती चाल जाताना ऐकू येईल.

तपासा: ही खालची चाल तुम्हाला सलग ऐकू येते का? येत असेल तर तुमची सोय पुरेशी आहे. महागडी यंत्रणा घ्यायची गरज नाही.

### 4. वाद्य आधी वेगळं ओळखायला शिका

गटात एकदा ‘तोस्का’ लावला तेव्हा एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, ‘ही सनई का हो?’ दोघेतिघे हसले. प्रश्न हसण्यासारखा नव्हता. ओबो, इंग्लिश हॉर्न आणि बसून ही तिन्ही वाद्यं सनईच्याच जातीची, दुहेरी पत्तीची. क्लॅरिनेट एकेरी पत्तीचा. तो आपण लग्नाच्या बँडमध्ये लहानपणापासून ऐकला आहे, फक्त तिथे तो उंच आणि कर्कश वाजवतात म्हणून इथे ओळखू येत नाही.

ओळखायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे स्वराची सुरुवात. क्लॅरिनेट नुसत्या हवेतून उगवल्यासारखा येऊ शकतो; तो नेमका कधी सुरू झाला हे सांगता येत नाही. ओबोच्या स्वराला सुरुवातीलाच एक बारीक धार असते. इंग्लिश हॉर्न म्हणजे ओबोचा थोरला भाऊ, पाच सूर खालचा, आवाज नाकातला पण मऊ. बसून आणि चेलो यांची गल्लत सर्वांत जास्त होते, कारण दोघांचा टापू पुरुषाच्या आवाजाचाच. तिथे श्वास ऐका. बसून वाजवणाऱ्याला ओळीनंतर श्वास घ्यावाच लागतो. चेलोचा गज उलटा फिरतो, पण स्वर तुटत नाही.

एक दिवस फक्त यालाच द्या. प्रत्येक वाद्याचं पाच मिनिटांचं स्वतंत्र वादन ऐका, ऑपेराबाहेरचं. मग परत या.

खबरदारी: स्वरलिपी बघणाऱ्यांसाठी. इटालियन छापील प्रतीत ‘फागोत्तो’ म्हणजे बसून. ‘कोर्नो’ म्हणजे फ्रेंच हॉर्न, ‘कोर्नो इंग्लेझे’ म्हणजे इंग्लिश हॉर्न. दोन्ही अगदी वेगळी वाद्यं. ‘त्रोंबा’ म्हणजे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन नव्हे. आणि क्लॅरिनेट किंवा इंग्लिश हॉर्न यांची ओळ हार्मोनियमवर वाजवून पडताळू नका; त्यांचे लिहिलेले सूर आणि ऐकू येणारे सूर वेगळे असतात. ए क्लॅरिनेटची ओळ लिहिल्यापेक्षा तीन पट्ट्या खाली वाजते, इंग्लिश हॉर्नची सात. ‘छापील प्रत चुकीची आहे’ असा निष्कर्ष काढून मोकळे झालेले लोक मी पाहिले आहेत.

पियानोसाठी आटवलेली गायनप्रत घेऊ नका, तिच्यात सगळी वाद्यं एका पियानोत कोंबलेली असतात. पूर्ण वाद्यवृंदाची प्रत आयएमएसएलपी या संकेतस्थळावर मिळते. पुच्चीनी 1924 मध्ये वारला, व्हेर्दी त्याआधी, त्यामुळे त्यांच्या प्रती तिथे खुल्या आहेत.

## ऐकणं

### 5. पहिलं ऐकणं: अंकाच्या सुरुवातीपासून, मध्ये न थांबता

सर्वांत मोठी चूक इथे होते. लोक थेट आरिया, म्हणजे पात्राचं एकट्याचं गाणं, लावतात. टेनरांच्या निवडक गाण्यांच्या संग्रहात काव्हारादोस्सीचं ‘ए लुचेव्हान ले स्तेल्ले’ क्लॅरिनेटपासून सुरू होतं, आणि त्याच्या आधी पुच्चीनीने जे रचलं आहे ते सगळं कात्रीखाली जातं.

तिसरा अंक पहिल्या सुरापासून लावा. साधारण या क्रमाने गोष्टी येतील:

चार हॉर्न, एका सुरात, मोठ्याने. मग रात्र. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा, लांबून एका गुराखी पोराचं गाणं, रोमच्या बोलीतलं. मग पहाटेच्या प्रार्थनेच्या घंटा, इकडून तिकडून, वेगवेगळ्या उंचीच्या. त्यांत सर्वांत खाली सेंट पीटरची मोठी घंटा. पुच्चीनीने तिचा सूर मुद्दाम चौकशी करून मिळवला होता. इथवर एकही पात्र महत्त्वाचं काही बोललेलं नाही. मग शिपाई काव्हारादोस्सीला घेऊन येतात आणि तंतुवाद्यं एक चाल वाजवतात. ही चाल लक्षात ठेवा. तुरुंगाधिकाऱ्याशी बोलणं, अंगठी. तो लिहायला बसतो, आणि चार चेलो, फक्त चार, एकेकाच्या हाती स्वतंत्र ओळ, पहिल्या अंकातल्या प्रेमाच्या प्रसंगाची चाल वाजवतात. पत्रात काय लिहिलंय हे आपल्याला कधीच वाचून दाखवलं जात नाही. चेलो तेच सांगतात.

मग लेखणी थांबते. आणि क्लॅरिनेट.

आता जी चाल तो वाजवतो ती थोड्या वेळापूर्वी तंतुवाद्यांनी वाजवलेलीच आहे. थेट आरिया लावणाऱ्याला ती नवी वाटते. अंकापासून ऐकणाऱ्याला ती आठवण वाटते, आणि प्रसंगही आठवणीचाच आहे. एवढ्या एका गोष्टीसाठी दहा-बारा मिनिटं आधीपासून ऐकायचं, आणि ते वसूल होतं.

खबरदारी: पहिल्या ऐकण्यात थांबवणं, मागे नेणं, वहीत लिहिणं, काही नको. चित्रफीतही नको, फक्त ध्वनी. चित्रफितीत कॅमेरा टेनरच्या चेहऱ्यावर जातो, आणि मग तुम्ही त्याच्या ओठांची वाट बघता.

### 6. दुसरं ऐकणं: वेळ टिपा, चाल गुणगुणा

आता वही घ्या. वाद्य कधी सुरू झालं, गायक कधी आला, वाद्य कधी संपलं, हे तीन आकडे मिनिट-सेकंदांत लिहा. बहुतेकांचा तिसरा आकडा चुकतो. गायक आला की त्यांना वाटतं वाद्य थांबलं. ते थांबलेलं नसतं, तुम्ही सोडून दिलेलं असतं. काव्हारादोस्सी बोलू लागल्यावरही क्लॅरिनेट तसाच चालू असतो.

मग तेवढाच तुकडा चार-पाच वेळा ऐका आणि वाद्याची चाल तोंडाने म्हणा. सूर थोडा चुकला तरी बिघडत नाही. सरगम बसवता आली तर बसवा. आपल्याला ते वळण आहे, त्याचा फायदा घ्या. मात्र राग शोधायला जाऊ नका. बी मायनरच्या चालीला कुठलातरी राग चिकटवला की कान त्या रागाची वाट चालायला लागतो आणि चाल जिथे वळते तिथे दुखावतो. खाली सुरावट कशी बदलते आहे, त्यावर या संगीतातल्या बऱ्याच गोष्टी अवलंबून असतात. बसूननंतर येणारं नेमोरिनोचं गाणं ‘उना फुर्तिव्हा लाग्रिमा’ बी फ्लॅट मायनरमध्ये सुरू होतं आणि शेवटी बी फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे उजळ छटेत, पोहोचतं. त्या बदलात नेमोरिनोची आशा आहे. एकाच रागाच्या चौकटीत ती दिसत नाही.

तपासा: यंत्र बंद करून चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत गुणगुणता येते का? हा टप्पा गाळलात तर पुढचे तीन टप्पे निरुपयोगी आहेत. चाल आठवली नाही तर ती परत आल्याचं कळणार कसं?

### 7. वाद्य आणि गायक यांचं नातं ठरवा

हा या सगळ्यातला कळीचा टप्पा. प्रत्येक वेळी एकच प्रश्न: चाल कोणाकडे आहे?

वाद्य आधी म्हणतं, मग गायक तीच चाल घेतो. ‘उना फुर्तिव्हा लाग्रिमा’ हे सर्वांत स्वच्छ उदाहरण. हार्प आणि बोटांनी छेडलेल्या तारा, त्यावर बसून. मग नेमोरिनो तीच चाल शब्दांसकट म्हणतो. इथे बघायचं ते हे की शब्द मिळाल्यावर चालीत काय बदललं. म्हणून बसूनची चाल आधी गुणगुणून ठेवायला सांगितली.

वाद्य गातं, गायक बोलतो. ‘तोस्का’ आता पुन्हा लावा. टेनरची सुरुवात ऐका: तारे चमकत होते, मातीला वास येत होता, बागेचं फाटक करकरलं. हे तो जवळजवळ एकाच सुरावर, पुटपुटल्यासारखं म्हणतो. चाल क्लॅरिनेटकडेच आहे. माणूस नुसती माहिती देतोय: तारे, माती, फाटक, वाळूवरचं पाऊल. ते सगळं त्याच्यासाठी काय होतं, हे वाद्य सांगतंय. नंतर चुंबनांची आठवण येते तेव्हा तो आपण होऊन ती चाल हाती घेतो, आणि मग त्याला आवरत नाही. आत्तापर्यंत जे दुसऱ्याच्या तोंडून चाललं होतं ते त्याच्या गळ्यात उतरतं. हा हस्तांतराचा क्षण घड्याळात टिपा. ज्याला तो क्षण सापडला, त्याने ही आरिया पहिल्यांदा ऐकली असं मी समजतो. मग याआधी त्याने ती पन्नास वेळा ऐकलेली असो.

‘रिगोलेत्तो’तला मारेकऱ्याचा प्रसंग याच जातीचा, पण तिथे हस्तांतर होतच नाही. चाल शेवटपर्यंत चेलो आणि बासकडेच राहते. दोघेही तिला हात लावत नाहीत.

वाद्य एकटं, शब्द नाहीतच. मास्नेच्या ‘थाईस’मधलं (पॅरिस, 1894) व्हायोलिनचं ‘मेडितास्यों’. मैफिलीत, स्पर्धेत, परीक्षेत ते इतकं वाजतं की मुळात ते दुसऱ्या अंकाच्या दोन प्रवेशांमधे आहे याचाच विसर पडतो. प्रसंग असा: अलेक्झांड्रियाची गणिका थाईस. संन्यासी आतानाएल तिला सांगून जातो की पहाटेपर्यंत तुझ्या उंबऱ्याशी थांबेन. ती त्याला झिडकारते. पडदा. व्हायोलिन. पडदा उघडतो तेव्हा ती बदललेली असते. तिच्या मनात रात्रभर काय झालं ते कुणी गाऊन सांगत नाही. ते पाच-सहा मिनिटांचं व्हायोलिन हाच तो प्रवेश. मैफिलीच्या आवृत्तीत पियानो असतो. ऑपेरात हार्प आहे, आणि पुढे मागून तोंड मिटून गुणगुणणारा समूह आहे. तो ऐकू आला नाही तर तुम्ही मैफिलीचं ध्वनिमुद्रण लावलं आहे.

वाद्य पात्राच्या हातात आहे. मोझार्टच्या ‘जादूच्या बासरी’त राजपुत्र बासरी वाजवतो, ती रंगमंचावरच्या सगळ्यांना ऐकू येते. वाग्नरच्या ‘झीगफ्रीड’मध्ये (बायरॉइत, 1876) दुसऱ्या अंकात झीगफ्रीड पाखराची नक्कल करायला तलवारीने बोरू कापून पावा बनवतो, आणि तो बेसूर वाजतो. त्यासाठी इंग्लिश हॉर्नच्या वादकाला मुद्दाम वाईट वाजवावं लागतं. मग वैतागून तो पावा फेकतो, शिंग तोंडाला लावतो, आणि हॉर्नची ती लांबलचक झेपावती ललकारी येते. खरं वादन पडद्याआडून होतं, गायक फक्त शिंग धरतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना बेसूर पावा ही वादकाची चूक वाटते. मागे एकाने ध्वनिमुद्रण सदोष म्हणून परतही करायला काढलं होतं.

दोघे बरोबरीने. मोझार्टचा ‘ला क्लेमेंत्सा दि तितो’ (प्राग, 1791) यातलं ‘पार्तो, पार्तो’: गायिका (ती सेस्तो नावाच्या पुरुषाची भूमिका करते) आणि क्लॅरिनेट. हा भाग आंतोन श्टाडलर या वादकासाठी लिहिलेला, त्यामुळे वाद्याच्या वाट्याला मागे राहणं आलेलंच नाही. जुगलबंदी ऐकणाऱ्या आपल्या कानाला हा प्रकार लगेच जमतो, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. एक खूण मात्र: आपल्या सवाल-जबाबात उत्तर प्रश्नावर मात करतं. इथे क्लॅरिनेट सेस्तोशी स्पर्धा करत नाही. जाऊ का थांबू, या त्याच्या ओढाताणीतली एक बाजू तो सांभाळतो.

तपासा: वहीत एका वाक्यात लिहा: ‘चाल आधी … कडे होती, मग … कडे गेली / गेलीच नाही.’ वाक्य लिहिता येत नसेल तर पुन्हा ऐका.

### 8. चाल परत कुठे येते ते शोधा

एकलवादन ऐकून झालं म्हणून ऑपेरा बंद करू नका. ती चाल बहुधा परत येते, आणि परत येते तेव्हा बदललेल्या अर्थाने.

‘थाईस’च्या शेवटी थाईस मरणपंथाला लागली आहे. तेच व्हायोलिन येतं. आता संन्याशालाच तिचा मोह पडला आहे, आणि तिला त्याचं बोलणं ऐकूच येत नाही. तिला स्वर्ग दिसतो आहे. दुसऱ्या अंकात ऐकलेली चाल आठवत असेल तर त्याला काही सांगायला उशीर झाला हे व्हायोलिनच सांगून टाकतं.

‘तोस्का’च्या अगदी शेवटी, ती तटावरून उडी मारते तेव्हा, सगळा वाद्यवृंद जिवाच्या आकांताने वाजवतो ती चाल क्लॅरिनेटचीच. यावर टीकाकारांनी आक्षेप घेतलेला आहे: ही त्याच्या आठवणीची चाल, तोस्काने ती ऐकलेलीही नाही, मग तिच्या मृत्यूला ती का? आक्षेप तर्काला धरून आहे. मला तो पटत नाही. चाल त्या दोघांच्या रात्रीची आहे, आणि ती रात्र आठवणारं आता कुणीच उरलेलं नाही. पण तुम्ही स्वतः ऐकून ठरवा. ठरवण्यासाठी मात्र क्लॅरिनेटपासून शेवटापर्यंत एका बैठकीत ऐकायला हवं.

खबरदारी: प्रत्येक चाल परत येतेच असं नाही. नेमोरिनोचा बसून एकदाच येतो. नसलेलं शोधत बसू नका.

### 9. दोन ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवा

हा टप्पा इतका उशिरा आहे तो विचारपूर्वक. सुरुवातीलाच तुलना करायला गेलात तर ‘कोणता टेनर भारी’ या वादात वाद्य हरवतं.

त्यावर एक उपाय आहे: टेनर तोच ठेवा. ज्युझेप्पे दि स्तेफानोने काव्हारादोस्सी 1953 मध्ये मिलानच्या ला स्कालाच्या वाद्यवृंदाबरोबर गायला आहे, व्हिक्तोर दे साबाताच्या संचालनाखाली. आणि 1962 मध्ये व्हिएन्नाच्या वाद्यवृंदाबरोबर, कारायानच्या संचालनाखाली. गायक एकच, क्लॅरिनेट दोन. व्हिएन्नाचे वादक वेगळ्या, जर्मन घडणीचा क्लॅरिनेट वापरतात. त्याचा आवाज जास्त गडद आणि गोल. पहिलं मुद्रण मोनो आहे, तेव्हा बारकाव्यात थोडी सूट द्या.

तीनच गोष्टी ताडून बघा. वादक पहिला सूर कसा उगवतो. टेनर बोलायला लागल्यावर वादक मागे हटतो की आपल्या जागी राहतो. आणि चाल टेनरकडे जाते त्या क्षणी लय किती सैल होते. यापलीकडे ‘चांगलं-वाईट’ सध्या नको.

### 10. प्रत्यक्ष किंवा पडद्यावर बघताना

मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या प्रयोगांचं पडद्यावर प्रक्षेपण होतं. आपल्याकडच्या बहुतेकांचा पहिला पूर्ण ऑपेरा तोच असतो. जाण्याआधी टप्पा 2 आणि 6 घरी उरकून जा. तिथे मागे नेता येत नाही. वाद्य सुरू झालं की पाच सेकंद डोळे मिटा, स्वर पकडा, मग उघडा.

परदेशात प्रत्यक्ष प्रयोगाला जायची संधी मिळाली तर खालच्या महागड्या खुर्च्यांपेक्षा वरच्या सज्जातली बाजूची जागा बघा. तिथून वाद्यवृंदाचा खड्डा दिसतो. एकलवादनाआधी वादक पत्ती ओली करतो, खांदे सैल सोडतो, शेजारचे वादक हालचाल थांबवतात. काय येतंय ते तुम्हाला श्रोत्यांच्या आधी कळतं. बायरॉइतच्या वाग्नरच्या नाट्यगृहात मात्र हा उपयोग नाही, तिथला खड्डा झाकलेला आहे.

## पुढे कोणता क्रम धरावा

‘तोस्का’नंतर ‘लेलिझिर दामोरे’, मग ‘रिगोलेत्तो’, मग ‘थाईस’ पूर्ण. ‘कार्मेन’मधला तिसऱ्या अंकाआधीचा फ्लूट आणि हार्प मध्ये कधीही घ्या, तो विसावा आहे, त्याला तयारी लागत नाही.

वाग्नरचा ‘ट्रिस्टान उंड इझोल्ड’ (म्युनिक, 1865) सर्वांत शेवटी ठेवा, आणि त्यासाठी एक सुट्टीचा दिवस मोकळा करा. तिसऱ्या अंकात जखमी ट्रिस्टान किल्ल्याच्या आवारात बेशुद्ध पडलेला आहे. बाहेर मेंढपाळ समुद्राकडे डोळे लावून बसला आहे. इझोल्डचं जहाज दिसलं तर आनंदाची धून वाजवायची, असं ठरलं आहे. जहाज नाही. तो पावा वाजवतो, म्हणजे पडद्याआडून इंग्लिश हॉर्न, एकटा, खाली कुणाचाही आधार नाही, बराच वेळ. बहुतेक जण पहिल्या मिनिटाला अस्वस्थ होतात आणि ‘पुढे’चं बटण दाबतात. दाबू नका. या धूनने ट्रिस्टान जागा होतो. पुढे तिच्याविषयीच बोलत राहतो: बापाच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा हीच ऐकली होती, आईच्या वेळी हीच. तो बोलत असताना ती वाद्यवृंदात मधूनमधून डोकावते. तुम्हाला ती पाठ असेल तरच ओळखू येईल, म्हणून टप्पा 6 इथे दुप्पट वेळ करा.

आणि मग केव्हातरी, तासाभराचा अंक बराचसा सरल्यावर, बाहेरून दुसरीच धून येते: वेगळी, चपळ, उजळ. काही ठिकाणी ती तारोगातो नावाच्या हंगेरीच्या लाकडी वाद्यावर वाजवतात. तेव्हा रंगमंचावर कुणी काही सांगण्याआधी जहाज आल्याचं तुम्हाला कळलेलं असेल.